पट्टा का ओरडतो?

दळणाचा डबा घेऊन चक्कीवर गेला असाल, तर तो आवाज तुम्ही नक्कीच ऐकला असेल. मोटारीचे बटण दाबले की क्षणभर ‘किंऽऽ’ असा कर्कश चीत्कार होतो, पट्टा थरथरतो, आणि मग जात्याची एकसुरी घरघर सुरू होते. या क्षणभराच्या चीत्काराकडे चक्कीवाला लक्षही देत नाही. पण एखाद्या दिवशी तो थांबतच नाही, रबर जळल्यासारखा वास येतो आणि जाते मंद होते. मग मात्र तो हातातले काम टाकून बटण बंद करतो.

गेल्या डिसेंबरात पट्ट्याच्या दोन तक्रारी एकाच आठवड्यात माझ्यापुढे आल्या. एक आमच्या मोहल्ल्यातील चक्कीवर. दुसरी माझ्या अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने आणली. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने विजेवर चालणारा स्केटबोर्ड तयार केला होता. चार चाकांची लाकडी फळी, खाली बॅटरी, मागच्या एका चाकाशेजारी लहानशी मोटार आणि मोटारीकडून चाकाकडे जाणारा रबरी पट्टा. सपाट मैदानावर फळी झकास पळे. परंतु सेमिनरी हिल्सच्या चढावर नेली की पट्ट्यातून ‘टर्रर्र’ असा आवाज येई आणि फळी जागीच अडखळे. त्याशिवाय कुठून तरी ‘खट् खट्’ असा आवाज सतत येतच असे. एकदा उतारावर वेग आवरताना तोच ‘टर्रर्र’ झाला, वेग आवरला नाही, आणि स्वारी रस्त्यावर. कोपर चांगलेच सोलवटले होते.

“तू आतापर्यंत काय काय करून पाहिलेस?” मी विचारले.

“सर, पट्टा तीनदा घट्ट केला. मग नवीन आणला. त्याला तेलही दिले. दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच.”

या उत्तरात आजच्या लेखाचा सगळा विषय आला. त्याने उपाय पुष्कळ केले होते, पण दोष कोठे आहे हे शोधले नव्हते. आपण ते शोधू. मात्र त्याआधी पट्टा काम कसे करतो, हे चक्कीवर जाऊन पाहू.

चक्कीचा सपाट पट्टा

एका चाकाचे फिरणे दूरच्या दुसऱ्या चाकाकडे पोहोचविण्याची ही युक्ती फार जुनी आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळच्या कापडगिरण्यांत प्रत्येक यंत्राला वेगळी मोटार नसे. वाफेचे एक मोठे इंजिन लांबच लांब दांडे फिरवी आणि त्या दांड्यांवरील चाकांवरून दोर व पट्टे खालच्या यंत्रांकडे येत. आज ते दांडे गेले. पण चक्कीवर तो पट्टा अजून दिसतो.

सपाट पट्ट्याला दाते नसतात. कप्पी, जिला कारागीर पुली म्हणतात, तीही गुळगुळीत असते. मग कप्पी पट्ट्याला ओढते कशी? केवळ घर्षणाने. मोटार चालू असताना पट्ट्याची एक बाजू ताठ असते, दुसरी थोडी ढिली. या दोन बाजूंच्या ताणांमधील फरक हाच जात्याला फिरवितो. दोन्ही बाजूंचे ताण सारखे असतील, तर पट्टा नुसताच कप्पीवर बसलेला आहे, काम शून्य.

हा फरक किती वाढू शकतो? अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने याचे उत्तर शोधले. पट्टा घसरण्याच्या अगदी काठावर असताना ताठ बाजूचा ताण ढिल्या बाजूच्या ताणाच्या किती पट असतो, हे दोनच गोष्टींवर ठरते: घर्षणगुणांक, आणि पट्टा कप्पीला जितका वेढा घालतो तो कोन. या दोहोंचा गुणाकार करावा, कोन रेडियनमध्ये घ्यावा, आणि २.७१८ या संख्येचा तितका घात काढावा. कप्पी लहान की मोठी, पट्टा रुंद की अरुंद, याला या सूत्रात स्थानच नाही.

उदाहरण घेऊ. चक्कीची मोटार साडेसात अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ५,६०० वॅटची आहे. ती मिनिटाला १,४४० फेरे घेते आणि तिच्या कप्पीचा व्यास १५ सेंटिमीटर आहे. मग पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ११.३ मीटर होतो. शक्तीला वेगाने भागले की दोन ताणांतील फरक मिळतो: सुमारे ४९५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ५० किलोग्रॅम वजनाइतका. घर्षणगुणांक ०.३ आणि वेढा अर्ध्या वर्तुळाचा धरला, तर ताठ बाजू ढिल्या बाजूच्या सुमारे २.५७ पट ताण पेलू शकते. म्हणजे एकीकडे ८१० न्यूटन, दुसरीकडे ३१५. फरक बरोबर ४९५, बेरीज १,१२५.

आता पट्ट्याच्या आतल्या बाजूला पिठाचा थर बसला, असे समजा. घर्षणगुणांक ०.३ वरून ०.२ वर आला. आता ती पट २.५७ वरून १.८७ वर उतरते. पट्टा जितका घट्ट बसविला आहे, तितकाच ठेवला तर दोन ताणांची बेरीज साधारण तीच राहते, आणि त्या बेरजेत आता फक्त ३४० न्यूटनचा फरक मावतो. मोटारीला तर ४९५ हवे आहेत. पट्टा घसरणारच!

यावर घाईचा उपाय म्हणजे पट्टा आणखी घट्ट करणे. तेवढाच फरक पेलायचा तर ताणांची बेरीज १,१२५ वरून सुमारे १,६३० न्यूटनवर न्यावी लागेल. हा सगळा भार कप्पीच्या दांड्यावर आणि तेथून बेअरिंगवर जातो. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार सुमारे १.४५ पट झाला, म्हणजे आयुष्य जेमतेम एक-तृतीयांश उरले. पीठ पुसायला लागते एक कोरडे फडके. बेअरिंगला लागतात पैसे, आणि चक्की बंद राहते ते वेगळेच.

आमच्या चक्कीवाल्यांना यातले गणित ठाऊक नाही. पण मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “पट्टा जास्त कसू नये जी, बेअरिंग बसते.” अनुभवाने ते ऑयलरच्या शेजारीच पोहोचले होते. त्यांनी मोटार बंद केली, मुख्य बटणही बंद केले, आणि पट्टा पुसायला घेतला.

चीत्कार कोठून येतो?

नुसत्या घसरण्याने एवढा आवाज का व्हावा? स्थिर असलेल्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण हे सरकत असलेल्या पृष्ठभागांमधील घर्षणापेक्षा बहुधा जास्त असते. पट्टा कप्पीला चिकटून थोडा ताणला जातो. ताण मर्यादेबाहेर गेला की तो सुटतो आणि सरकतो. सरकल्याने ताण उतरतो, म्हणून तो पुन्हा चिकटतो. धर, सोड, धर, सोड. हा खेळ सेकंदाला शेकडो वेळा चालला की पट्टा कंप पावतो आणि आपल्याला चीत्कार ऐकू येतो. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच कारणाने.

आणि व्हायोलिन गाते तेही याच कारणाने! गज तारेला धरून ओढतो, तार निसटते, गज पुन्हा तिला धरतो. नागपूरकरांना येथे एक आठवण सांगायलाच हवी. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यातील अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. प्रकाशावरील शोधासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले हे सर्वांना माहीत असते. परंतु त्याआधी कित्येक वर्षे ते तारांच्या व वाद्यांच्या कंपनांचा अभ्यास करीत होते. गजाने वाजविलेल्या तारेच्या कंपनांवरील त्यांचा मोठा प्रबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपुरात १९९२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान केंद्राला त्यांचेच नाव आहे.

गंमत पाहा. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात आणि चक्कीचा पट्टा घसरू लागला की काहीजण त्यालाही राळच चोळतात. दोन्हीकडे हेतू एकच: पकड वाढविणे. पण राळेवर पीठ आणि धूळ चिकटून पुढे पुटे बसतात. म्हणून आधी पुसणे, मग ताण पाहणे, आणि राळ अगदी शेवटी.

दातेरी पट्टा घसरत नाही, चढतो

स्केटबोर्डाचा पट्टा मात्र वेगळ्या जातीचा. त्याला आतून दाते असतात आणि ते कप्पीच्या खाचांत बसतात. असे पट्टे १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी पुढे आले. सुई आणि खालचा दोरा यांची वेळ जराही चुकून चालत नाही, आणि सपाट पट्टा थोडा तरी घसरतोच. दातेरी पट्ट्यात काम घर्षणाचे नाही, दात्यांचे आहे. म्हणूनच त्याला राळ लावणे व्यर्थ, आणि तेल देणे त्याहून वाईट. तेलावर आपली नागपुरी धूळ बसली की दात्यांना जणू पॉलिशकागद घासत राहतो. सायकलच्या साखळीला तेल हवे असते म्हणून रबरालाही ते हवे, असे नाही.

मग ‘टर्रर्र’ कशाचे? दातेरी पट्टा ढिला असेल, तर जोर येताच त्याचा दाता खाचेच्या उतरणीवरून वर चढतो आणि पुढच्या खाचेत पडतो. एक दाता पडला की ‘टक्’, ओळीने दहा पडले की ‘टर्र’.

चढावरच असे का होते? मुलगा आणि फळी मिळून ६५ किलोग्रॅम धरू. सपाट जागी फक्त लोटण्याचा विरोध असतो. तो वजनाच्या दोन टक्के मानला तर सुमारे १३ न्यूटन. दहा मीटरला एक मीटर असा चढ आला की आणखी ६४ न्यूटन लागतात. आता चाकाची त्रिज्या ४५ मिलिमीटर आणि चाकाच्या कप्पीची जेमतेम २९. लहान त्रिज्येवर बल जास्त लागते, म्हणून पट्ट्यावर सपाट जागी २० न्यूटन येत असतील तर चढावर १२० येतात. सहापट! सपाट मैदानावर पास झालेला पट्टा चढावर नापास होतो तो असा.

दहा फेऱ्यांची युक्ती

आता शोधाकडे वळू. यंत्रातल्या ‘खट् खट्’ आवाजाला पत्ता असतो. तो वाचायला उपकरण लागत नाही; मोजता आले म्हणजे पुरे.

आम्ही प्रथम बॅटरीची जोडणी काढली. हे विसरू नये. पट्ट्याजवळ बोट असताना मोटार चुकून फिरली, तर बोट जायला क्षणही लागत नाही. मग फळी उलटी ठेवली आणि दाते मोजले. मोटारीच्या कप्पीला १५, चाकाच्या कप्पीला ३६ आणि पट्ट्याला ५३.

चाक हाताने दहा फेरे फिरविले, तर ३६० दाते पुढे सरकतात. तेवढ्यात मोटारीचे फेरे होतात ३६० भागिले १५, म्हणजे २४. पट्ट्याचे फेरे होतात ३६० भागिले ५३, म्हणजे सुमारे ७. म्हणून चाकाच्या दहा फेऱ्यांत

– ‘खट्’ १० वेळा झाला, तर दोष चाकात किंवा त्याच्या कप्पीत;
– ‘खट्’ २४ वेळा झाला, तर दोष मोटारीत किंवा तिच्या कप्पीत;
– ‘खट्’ ६ किंवा ७ वेळा झाला, तर दोष पट्ट्यात: एखादा दाता फाटलेला किंवा दोन दात्यांत खडा अडकलेला.

मोटारीतील चुंबकांमुळे हाताला बारीक, सारखे गचके जाणवतात. तो दोष नव्हे. त्यांची गणती करू नये.

त्याने चाक फिरविले. माझी मोजणी २४ आली, त्याची २३. पुन्हा मोजले: २४. म्हणजे नवीन पट्ट्यावर खर्च केलेले पैसे वाया गेले होते. पट्टा निर्दोष होता! मोटारीची कप्पी बोटांत धरून हलविली, तर ती दांड्यावर किंचित डुलत होती. तिला दांड्यावर धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल झाला होता. स्क्रूचे टोक दांड्याच्या सपाट केलेल्या भागावर येईल अशी कप्पी फिरवून तो नीट आवळला. पुन्हा दहा फेरे. ‘खट्’ गेला.

“सर, झाले!” तो आनंदाने म्हणाला.

“एक आवाज गेला. ‘टर्रर्र’ अजून आहे की नाही, ते कोठे पाहिले?”

रहदारी नसलेल्या एका चढावर, शिरस्त्राण आणि कोपर-गुडघ्यांची पट्टी बांधून, फळी पुन्हा चढविली. अर्ध्या वाटेवर ‘टर्रर्र’ झालेच. रोग दोन होते. एक बरा झाल्याने दुसरा बरा होत नाही. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच तपासावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर आवाज कशामुळे गेला ते कधीच कळत नाही, आणि तो परत आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

पेन्सिलीची रेघ

पट्टा आता पुरेसा ताठ होता. मग तो चढावर ढिला कसा पडला? मोटार ज्या पत्र्यावर बसविली होती, त्यात स्क्रूसाठी लांबट खाचा होत्या. मोटार मागेपुढे सरकवून पट्ट्याचा ताण कमीजास्त करण्यासाठी त्या ठेवलेल्या असतात. आम्ही मोटारीच्या कडेला पत्र्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि फळी पुन्हा चढावर नेली. परत आल्यावर पाहिले, तर मोटार रेघेपासून दीड मिलिमीटर चाकाकडे सरकलेली!

दीड मिलिमीटर म्हणजे किती? पट्ट्याच्या दोन बाजू आहेत, म्हणून पट्ट्यात सुमारे ३ मिलिमीटर ढिलाई आली. या पट्ट्याच्या दात्याची उंची सुमारे २ मिलिमीटर. दात्याला चढायला वाट मोकळी झाली.

म्हणजे पट्टा पुन:पुन्हा घट्ट करूनही दोन दिवसांत ढिला का पडे, याचे उत्तर मिळाले. तो ताणला जात नव्हता. चढावरचा जोर मोटारीलाच ओढून आणीत होता. स्क्रूखाली वॉशर नव्हते, त्यामुळे त्यांची पकड सुटत होती. प्रत्येक स्क्रूला साधा आणि स्प्रिंगचा असे दोन वॉशर घातले, आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. नवी रेघ ओढली. पाच वेळा चढ चढविला. रेघ जागेवर, ‘टर्रर्र’ बंद.

पट्टा किती ताठ हवा? दोन कप्प्यांच्या मधोमध बोटाने हलकेच दाबला तर तो एकदोन मिलिमीटर दबावा. यापेक्षा सोपा मार्ग कानाचा आहे. बारावीतील मुलांनी सोनोमीटर पाहिला असेल. तारेचा ताण चौपट केला की तिचा स्वर दुप्पट वारंवारतेचा होतो. पट्ट्याचा मोकळा भाग बोटाने छेडला तर त्यालाही मंद स्वर असतो. पट्टा आखूड व जाड असल्याने तो तारेइतका काटेकोर नसतो. पण आज नीट बसविलेल्या पट्ट्याचा स्वर लक्षात ठेवला, तर महिन्याने तो उतरला आहे की नाही ते कळते. तंबोऱ्याची तार उतरते, तशीच ही.

अजूनही एक आवाज उरला होता, एकसुरी ‘ऊंऽऽ’. ताशी १० किलोमीटर वेगाला ९० मिलिमीटर व्यासाचे चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला साधारण ३५० दाते खाचांत पडतात आणि ३५० हर्ट्झचा स्वर निघतो. वेग दुप्पट झाला की स्वर एक सप्तक वर जातो. हा निरोगी यंत्राचा आवाज. तो बंद करायला जाऊ नये. मात्र त्यात ‘खरखर’ मिसळली आणि पट्ट्याच्या कडेला काळी भुकटी दिसली, तर दोन कप्प्या एका रेषेत नाहीत असे समजावे. दोन्हींच्या तोंडावर सरळ पट्टी लावली की ते लगेच दिसते.

सर्वांत महत्त्वाचे

उतारावर तो पडला का? अशा फळीला वेगळा ब्रेक नसतो. वेग आवरतानाही मोटारच चाकाला रोखते आणि तो रोध चाकाकडे पोहोचतो याच पट्ट्याने. त्या वेळी पट्ट्याची ढिली बाजू ताठ होते आणि ताठ बाजू ढिली. पट्ट्याने दाते सोडले किंवा पट्टा तुटला, तर चढावर फळी फक्त थांबेल. उतारावर ती थांबणारच नाही. म्हणून दुरुस्तीनंतर पहिली चाचणी सपाट जागी, चालण्याच्या वेगाने, आणि ती ब्रेकची. पट्ट्याच्या भरवशावर उतार उतरू नये. हे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा त्याचा हात आपोआप कोपराकडे गेला.

प्रदर्शनात त्याने फळीशेजारी एक तक्ता लावला होता. त्यावर तीनच आकडे होते: १०, २४, ७. आलेल्या प्रत्येकाला तो चाक फिरवून मोजायला लावी.

करून पाहा

१. एक गोल काठी आडवी घट्ट बांधा. तिच्यावरून दोरा टाकून एका टोकाला एक नाणे असलेला कागदी पेला बांधा, दुसऱ्या टोकाला रिकामा पेला. तो घसरेपर्यंत त्यात नाणी टाकत जा. अर्ध्या वेढ्याला समजा २ नाणी लागली. आता दोऱ्याला आणखी एक पूर्ण वेढा द्या. वेढ्याचा कोन तिप्पट झाला, म्हणून नाणी २ च्या तिसऱ्या घाताइतकी, म्हणजे ८ लागायला हवीत. आणखी एका वेढ्याला ३२. तुमची नाणी किती लागली? होडी बांधणारा कोळी खुंटाला दोनचार वेढे देऊन दोर एका हाताने का धरू शकतो, ते यावरून सांगा.

२. एका सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या चक्राला १८ दाते आणि साखळीला ११२ कड्या आहेत. पॅडल हाताने दहा फेरे फिरविले असता ४ वेळा ‘खट्’ झाला. दोष कोठे असेल? पुढचे चक्र १० वेळा फिरते, मागचे सुमारे २४ वेळा. साखळीचे गणित तुम्ही करा, आणि मग आपापल्या सायकलीचे दाते मोजून पाहा.